मैदानात पुकारलेलं येणं

"ताई, डिझाइनचे किती द्यायचे?" असं कुणी विचारलं की कस्तुरी मगदूमची मान खाली जायची आणि तोंडातून ठरलेलं वाक्य बाहेर पडायचं, "बघा की, तुम्हाला योग्य वाटतील ते." हे वाक्य कानावर पडलं की तिच्या वडिलांच्या, जिनपालअण्णांच्या, तळपायाची आग मस्तकात जायची. योग्य वाटतील ते! अण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डात उभी हयात हळदीची अडत केलेली. समोरच्याला योग्य वाटतील ते पैसे घेत बसले असते तर विश्रामबागेत घर सोडाच, साधं खोपट उभं राहिलं नसतं. कुणाकडे येणं थकलं की अण्णा सरळ त्याच्या घरी जाऊन बसत. चहा घेत, पोराबाळांची चौकशी करत, पावसापाण्याचं बोलत, आणि उठतच नसत. शेवटी यजमानच कंटाळून कपाट उघडायचा. अशा माणसाच्या पोटी ही पोरगी कशी आली, हे त्यांना कोडंच होतं.

पोरगी हुन्नरी होती, हे मात्र ते कबूल करत. घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून ती एकटीच बसायची. तिथूनच लग्नपत्रिका, जैन मंदिरांतल्या पंचकल्याणक पूजेची आमंत्रणं, मिरजेच्या दवाखान्यांच्या पाट्या, बेदाण्याच्या पेट्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस निघायचे. काम घेताना माणसं अशी गोड बोलत की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. काम झालं की मात्र एकेकाची तऱ्हा सुरू व्हायची. एकाची बायको माहेरी गेलेली असायची आणि पैसे म्हणे तिच्याचकडे असायचे. एकाचं बँकेचं ॲप नेमकं कस्तुरीचा फोन गेला की बंद पडायचं. एका उमेदवारानं तर निवडणूक हरल्यावर तिलाच सुनावलं, "फोटोत मी जरा रुसल्यासारखा दिसत होतो, तिथंच मतं गेली." एक बेदाणेवाला या सगळ्यांवर ताण होता. कस्तुरीनं त्याला पेटीचं चित्र आधी दाखवायला पाठवलं, त्यावर तिरप्या फिक्या अक्षरांत ‘नमुना’ असं लिहून. पठ्ठ्यानं तेच चित्र छापखान्यात देऊन टाकलं. सबंध हंगाम त्याचा बेदाणा छातीवर ‘नमुना’ मिरवत बाजारात फिरला, पण त्यानं पैसे काही दिले नाहीत.

फ्लेक्स छापणाऱ्याचं एक बरं असतं. रोख हातात पडल्याशिवाय तो गुंडाळी देत नाही. कस्तुरीचं काम मात्र एकदा फोनवरून गेलं की गेलं, ते परत आणणार कसं आणि अडवणार कुठे?

तिचा खरा जीव होता कुस्तीच्या मैदानांच्या पोस्टरात. सातारा-सांगलीकडे यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच, आणि मैदान म्हटलं की पोस्टर. वर देवाचा फोटो, मधे पैलवानांच्या जोड्या समोरासमोर, दोघांच्या मधोमध इनामाचा आकडा आणि खाली गावच्या शुभेच्छुकांची डोकी. कुणाचं डोकं कुणाच्या शेजारी आणि कुणाच्या वर, यावरून भावकीत वर्षभर बोलणं बंद होऊ शकतं. पहिल्याच पोस्टरात कस्तुरीनं एक घोटाळा केला होता. पैलवानांचे कान मोडून फुगलेले असतात. हिला वाटलं फोटोच खराब आलेत, म्हणून हिनं मोठ्या मायेनं सगळ्यांचे कान दुरुस्त करून टाकले. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन. "ताई, आमचं कान कुठं गेलं? दहा वर्सं मातीत घासून कमावल्यात ती!" बिचारीनं रात्रंदिवस बसून एकेकाचा कान परत मोडला.

त्यानंतर ती या कामात अशी मुरली की अण्णा दारातून नुसते बघत राहायचे. एक पैलवान कोल्हापुरात भर उन्हात फोटो काढून पाठवायचा, दुसरा कुठल्या तरी तालमीच्या अंधारात. हे दोघे पोस्टरवर खरोखर एकमेकांकडे बघताहेत असं वाटलं पाहिजे, असा तिचा हट्ट. नजरेला नजर भिडेपर्यंत ती केसाकेसानं फोटो सरकवत बसायची. जेवण गार व्हायचं, आई हाका मारून दमायची. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण शेवटी दोन डोळे दोन डोळ्यांत रुतले की त्यांच्याही अंगावर काटा यायचा. मग लगेच त्यांना आठवायचं की याचे पैसे यायचे नाहीत, आणि काटा जाऊन आग यायची.

पाटण सोडून कोयनानगरच्या वाटेला लागलं की एक गाव आहे. गाव चांगलं आहे, म्हणून नाव राहू दे. त्या गावच्या मैदानाची तीन पोस्टरं कस्तुरीनं केली होती आणि तिन्हींचे पैसे राहिले होते. यात्रा कमिटीच्या वतीनं सगळं बघायचा उदयसिंह नावाचा तरणा गडी. बोलायला लाघवी, कामाला वाघ, आणि पैशाचं काढलं की एकदम बहिरा. पहिल्या साली वर्गणी यायची होती. दुसऱ्या साली अध्यक्ष मुंबईला होते. दर साली मैदानात कस्तुरीच्या नावानं सत्काराचा नारळ मात्र पुकारला जायचा आणि कुणाबरोबर तरी घरपोच यायचा. त्या नारळांची चटणी खाताना अण्णांना ठसका लागायचा.

यंदा तिसरं पोस्टर गेलं आणि अण्णांनी विषय काढलाच.

"कस्तुरी, एक ठरवू. या मैदानाचे पैसे वसूल झाले तर ती खोली तुझी, मी परत तोंड उघडणार नाही. नाही झाले तर अक्षय तृतीयेपासून माझ्याबरोबर पेढीवर बसायचं. गिऱ्हाईक आपल्याला बघायला लागतं, पोरी. तुला ते जमत नसेल तर धंदा कशाला म्हणायचं त्याला?"

कस्तुरी म्हणाली, "ठीक आहे अण्णा. मैदानाला तुम्हीपण चला. तुमच्यासमोरच काय ते होऊ दे." त्या खोलीशिवाय ही पोरगी कशी जगेल, असा विचार अण्णांच्या मनात आला, पण शब्द निघून गेला होता.

मैदानाच्या दिवशी बापलेक व्हॅन घेऊन निघाले. दुपार कलताना गावाची वेस आली आणि अण्णांनी आपसूक ब्रेक दाबला.

वेशीवर पोस्टर उभं होतं. घरी कॉम्प्युटरवर त्यांनी ते शाळेच्या पाटीएवढं बघितलेलं. इथं ते दुमजली घराएवढं होतं आणि मागच्या डोंगरावर जणू पैलवान उतरले होते. खाली माणसांची ही गर्दी. कुणी बोट दाखवून जोड्यांवर पैजा लावत होतं, कुणी आपलं डोकं शोधत होतं. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पुढे झाली, एका पैलवानाच्या चित्रावरून दोन्ही हात उतरवले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माझा ल्योक हाय," ती शेजारणीला म्हणाली. "कसा दिसतोय बग."

बाई चित्राची दृष्ट काढत होती! अण्णा खाली उतरून तसेच उभे राहिले. आपल्या मागच्या खोलीतून, त्या खुर्चीतून हे निघालं? त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं. ती नेहमीसारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मैदानाच्या तोंडाशीच उदयसिंह भेटला. गुलालानं माखलेला, घामानं निथळलेला. "आवं या या ताई! अण्णा, तुमीबी आलासा? बसा फुडं खुर्चीवर. पोस्टर एक नंबर झालंय बगा, लय लोकं फोटू काढाय लागल्यात."

कस्तुरी एक पाऊल पुढे झाली. "उदयदादा, ते आपलं... राहिलेलं..."

"त्याचं बगू की ताई! मैदान होऊ द्या. आज तुमचा सत्कार हाय, नारळ आणून ठेवलाय." आणि तो गर्दीत शिरलासुद्धा.

अण्णांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं जमिनीकडे. दोघं जाऊन बसले.

मैदान मात्र बघण्यासारखं होतं. चारी बाजूंच्या उतारावर माणूस माणसाला चिकटून बसलेला, मधे तेल-ताक पाजून मऊ केलेली तांबडी माती आणि हलगीचा कडकडाट असा की छातीत दुसरं काळीज असल्यासारखं वाटावं. व्यापाऱ्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती बघून अण्णा थक्क झाले. कुस्ती लागण्याआधी निवेदक माईकवरून इनामाचा आकडा पुकारायचा. कुस्ती झाली की अंगावरचा घाम वाळायच्या आत, सगळ्या गावादेखत, मातीतच नोटा पैलवानाच्या हातात पडायच्या. कुणाला एखादा डाव आवडला तर तो मधेच उठून निवेदकाकडे जायचा, आपल्या नावानं वरचं बक्षीस पुकारायला लावायचा, आणि तेही तिथल्या तिथं चुकतं व्हायचं. एकदा पुकारलं की माघार नाही. असा चोख व्यवहार अण्णांनी आपल्या यार्डात कधी बघितला नव्हता. हलगीवाल्याचे पैसे आधी मिळत होते, निवेदकाचे आधी मिळत होते, मातीवर पाणी मारणाऱ्याचेही मिळत होते. उधारी काय ती फक्त त्यांच्या पोरीची.

ऊन उतरलं तशी पोरींची एक कुस्ती पुकारली गेली. क्रांती नावाची खालच्या वाडीची पोरगी आणि समोर सोलापूरकडची, हिच्यापेक्षा हातभर उंच. इनाम सांगताना निवेदकाचाही आवाज खाली आला, इतकं किरकोळ होतं. पोरींची कुस्ती म्हटल्यावर पुरुषमंडळी चहापाण्याला उठायला लागली.

पण त्या दोघी एकमेकींना अशा भिडल्या की उठलेले अर्ध्यातच थांबले. उंच पोरीनं क्रांतीला खाली घेतलं, पाठ मातीला लावायला मानेवर सगळा भार दिला. क्रांतीची मान वाकली, तोंड मातीत गेलं, पण पाठ काही लागेना. ती तशीच मातीतून सरकत सरकत निसटली आणि उभी राहिली. नाकातोंडात माती, आणि तरी पुन्हा हात पुढे. लोक खाली बसायला लागले. हलगीवाल्यांनी आपणहून ठेका चढवला.

शेजारची खुर्ची रिकामी झाल्याचं अण्णांच्या उशिरा ध्यानात आलं. कस्तुरी चपला काढून अनवाणी, तांबड्या मातीच्या कडेकडेनं निवेदकाच्या टेबलाकडे चालली होती. ही आता माईकवर पैसे मागणार! भर मैदानात, हजारो लोकांसमोर! उधारी चार भिंतींत मागायची असते, हे आपण पोरीला कधी शिकवलंच नाही. त्यांना उठून तिला माघारी आणावंसं वाटलं, पण तोवर ती टेबलापाशी पोचलीसुद्धा.

ती निवेदकाच्या कानाशी काहीतरी बोलली. निवेदकानं चमकून तिच्याकडे पाहिलं, खात्री करून घेतली आणि मग त्याचा आवाज चारी उतारांवर घुमला. "ऐका मंडळी ऐका! आपल्या मैदानाचं पोस्टर काढणाऱ्या सांगलीच्या कस्तुरीताई मगदूम, त्यांच्याकडनं या कुस्तीला वरचं इनाम एकवीस हजार रुपये!"

शिट्ट्यांनी आभाळ दणाणलं. पहिल्या नंबरच्या खालोखाल होता तो आकडा. अण्णा खुर्चीत गार पडले. एकवीस हजार? पोरीच्या पर्समध्ये येताना टोलचे सुट्टे होते!

कस्तुरीनं माईक आपल्या हातात घेतला.

"पैसे माझ्याजवळ नाहीत. यात्रा कमिटीजवळ आहेत. तीन वर्षांच्या तीन पोस्टरांचं माझं येणं आहे ते, एकवीस हजार. कमिटीनं ते जिंकणाऱ्या पोरीला द्यावं."

हलगी थांबली. मग कुठूनतरी वरच्या अंगाहून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "द्या की रं मग!" आणि हशाची जी लाट उठली ती थेट कमिटीच्या मांडवावर जाऊन आदळली. उदयसिंहाचं तोंड गुलालाखाली पांढरं पडलं होतं.

अण्णांनी वसुलीच्या नाना तऱ्हा बघितल्या होत्या. गोड बोलून, रडून, धमकावून, दारात बसून. पण आपलं बुडीत येणं दुसऱ्याला देऊन टाकायचं आणि देणेकऱ्याला गावाच्या शब्दात बांधून घ्यायचं, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा कधी आलं नव्हतं. पुकारलेलं इनाम कमिटी नाकारणार कशी? नाकारलं तर पुढच्या साली त्या मातीत कोण उतरेल? आणि हे कुणी केलं, तर आकडा सांगताना मान खाली घालणाऱ्या त्यांच्या पोरीनं.

मातीत आता वणवा पेटला होता. उंच पोरगी जीव खाऊन आत घुसली आणि तीच संधी साधून क्रांतीनं तिचा एक पाय उचलला, छातीशी आवळला आणि अंगाचा सगळा रेटा देऊन तिला उलथी केली. पाठ लागली. निवेदक काय ओरडत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही.

कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब उठले. फौजेतून परतलेले, एके काळचे पैलवान, आता सत्तरीला टेकलेले. त्यांनी उदयसिंहाला जवळ बोलावलं. "पोरीचं पैसं ऱ्हायल्यात, ह्ये खरं?"

"आबा, ते... द्यायचं व्हतंच..."

"व्हय का न्हाई तेवढं सांग."

"व्हय."

"मला तर दर साली सांगतुयास, समद्यांचं भागलं म्हणून." लालासाहेबांनी आधी आपल्या बंडीत हात घातला. मग मांडवातल्या एकेकानं खिसे चाचपले. उदयसिंहानं आपल्या गळ्यातली साखळी काढून पुढे केली, ती लालासाहेबांनी हातानंच मागे सारली आणि त्याच्याकडून रोख घेतली. रक्कम जमली. लालासाहेब काठी टेकत मातीत उतरले, कस्तुरीला बोलावलं आणि नोटांचं बंडल तिच्या हातात दिलं.

"तुमच्या हातनंच द्या, ताई. ह्या मातीत पुकारल्यालं कवाच बुडालं न्हाई. आज तुमच्यामुळं मातीचा शब्द ऱ्हायला."

कस्तुरीनं ते क्रांतीच्या मातीनं माखलेल्या ओंजळीत ठेवलं. क्रांती वाकून तिच्या पाया पडायला गेली तर हिनं तिला उचलून मिठीच मारली. हिचा पिवळा ड्रेस तांबडा झाला. उतारावरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि अण्णाही उभे होते. आपण कधी उठलो ते त्यांना आठवत नव्हतं.

व्हॅन परतीच्या वाटेला लागली. बाजूनं कोयना संथ वाहत होती.

"तू हे घरूनच ठरवून आली होतीस?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो अण्णा. मागायलाच उठले होते. निम्म्या वाटेत मागे फिरावंसं वाटलं. मागायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्दच निघत नाही. तेवढ्यात ती पोरगी दिसली, तोंडात माती गेलेली आणि तरी उभी. द्यायचं मनात आलं आणि तोंड उघडलं."

अण्णांनी एक दीर्घ श्वास सोडला. "खोली तुझी. वसूल झालं, मी डोळ्यांनी बघितलं. पैसे घरात आले नाहीत तरी झालं."

कस्तुरी खिडकीबाहेर बघून हसली. थोडा रस्ता मागे पडला आणि ती म्हणाली, "अण्णा, तोंड उघडलंच आहे तर आणखी एक बोलू?"

"बोल की."

"तुमच्या हळदीची पाकिटं आहेत ना, अर्धा किलोची, एक किलोची. त्यावरची डिझाइनं. दुकानाची पाटी. आणि गेल्या पाच दिवाळ्यांची कॅलेंडरं. त्याचे पैसे राहिलेत." आणि तिनं आकडा सांगितला. न अडखळता.

अण्णांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. यार्डात लोक त्यांच्या पाकिटाचं कौतुक करत. डिझाइन कुणाचं म्हणून विचारत. दर वेळी अण्णा छाती फुगवून सांगत, "आमच्या पोरीचं. घरचंच आहे, फुकटात झालं." हे आपण लेकीचं कौतुक करतोय असं त्यांना आजपर्यंत वाटत आलं होतं. कितीदा म्हणाले असतील! आणि कितीदा ती चहा घेऊन तिथं शेजारी उभी असेल!

‘घरातल्या घरात कसला गं हिशेब?’ हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. नेहमीचंच होतं, सहज आलं. पण बाहेर काढायची त्यांना लाज वाटली. त्यांनी खिशातून मोबाइल काढून पाहिला. त्या खोऱ्यात रेंजचा पत्ता नव्हता.

पाटण जवळ आलं तशी त्यांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली, चष्मा लावला आणि मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं.

"किती म्हणालीस?"

कस्तुरीनं त्यांच्याकडे सरळ बघत तोच आकडा पुन्हा सांगितला.

एका एका आकड्यावर बोट ठेवून अण्णांनी तो टाकला. कमी कर म्हणाले नाहीत.